होडीला पाणी पाजताना

आत उजेड असायला नको होता.

होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेखालच्या कोठडीत रबिया सरपटत शिरली होती ती हातात टॉर्च घेऊन, आणि टॉर्च पेटवायची वेळच आली नाही. फळ्याफळ्यांच्या मधून उजेडाच्या आडव्या रेघा आत आल्या होत्या. डाव्या अंगाच्या जाड, उजव्या अंगाच्या केसासारख्या, पण रेघाच; तिच्या मनगटावर, ओढणीवर, समोरच्या कोळिष्टकावर पडलेल्या. क्षणभर तिला छान वाटलं. हे तिनं पुढे कुणालाच सांगितलं नाही, पण आधी छानच वाटलं होतं, लहानपणी चटईच्या आडून ऊन बघावं तसं. मग तिनं एका रेघेला डोळा लावला. पलीकडे खलीलची निळी चप्पल दिसली, होडी टेकवलेला लाकडी ठोकळा दिसला, यार्डातली वाळू दिसली आणि वाळूच्या टोकाला कतारच्या अल खोरचं पाणी चकाकताना दिसलं. होडीतून समुद्र दिसायला कुणाची ना नाही. तो काठावरून दिसावा. बुडातून दिसू नये.

बाहेरून खलीलनं बोटाच्या पेरांनी फळीवर टकटक केलं. "काय गो, काय दिसतंय आत?"

"उजेड," ती म्हणाली.

"बघ, आणि मी उगाच दिवे आणून ठेवलेत." असं म्हणून तिचा नवरा हसला, आणि त्याचं हसणं सगळ्या फटींतून एकदम आत आलं. तेव्हा ती घाबरली.

घाबरली, कारण तिची अख्खी नोकरी फटी शोधण्यात गेली होती. लोणेऱ्याहून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन आलेली रबिया रास लफानच्या गॅस प्लांटवर एका कंत्राटदाराकडे पाइपांचे जोड तपासायची. दोह्यातल्या अल हिलालच्या फ्लॅटखालून पहाटे कंपनीची बस, बसमध्ये उरलेली झोप, मग दिवसभर हेल्मेट, हातमोजे आणि साबणाच्या पाण्याची बाटली. जोडावर पाणी फवारायचं आणि थांबायचं. एक बुडबुडा आला, अगदी मोहरीएवढा, तरी जोड नापास. बुडबुड्याशी हुज्जत घालता येत नाही हे तिला फार आवडायचं. माणसं सांगतात गळत नाही, कागद सांगतात गळत नाही, आणि मोहरीएवढा बुडबुडा फुगून सांगतो की गळतंय. घरीसुद्धा नळ ठिबकला तर तिला झोप यायची नाही. आत्ता कोठडीत अंग आखडून बसलेल्या त्या बाईनं बोट ओलं करून एका रेघेवर धरलं. बोट गार पडलं. वारा. हाच तो वारा, शमाल, ज्यानं यंदाचा हिवाळा उत्तरेकडून ओढत आणला होता, दोह्याच्या लोकांना बॅगांच्या तळाचे स्वेटर काढायला लावले होते, आणि इथे दोह्याच्या उत्तरेला, उघड्या यार्डात, होडीवरची ताडपत्री फाडून नेली होती. ताडपत्री केव्हा गेली ते त्यांना कळलंही नव्हतं. खलीलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तो घरात काठी टेकत फिरायचा आणि होडी इथे एकटी, कोरड्या थंडीत, महिनोन्‌महिने. गुडघा बरा झाला, वसंत आला (इथे वसंत म्हणजे गाडीचा एसी पुन्हा लावावासा वाटणं), आणि ती दोघं आली तर होडीची चाळण झालेली.

होडी जुनी, सागवानी, एका कुटुंबापुरती. खलीलचे मालक अबू नासिर हिच्यातून मासे धरायला जायचे. खलील त्यांच्या गोदामाचा कारभार बघायचा आणि मालकांना एकट्यानं मासे धरायचा कंटाळा, म्हणून गोदामाला कुलूप लागायचं. म्हातारे गेले. मुलांकडे फायबरच्या, पाठीला दोन-दोन इंजिनं लावलेल्या बोटी. थोरला म्हणाला, यल्ला खलील, तू घेऊन जा, मला तिच्याकडे बघवत नाही. आणि आता यार्डाची जागा नव्या धक्क्यात जाणार होती. मुकादमानं सगळ्यांना बजावलं होतं: एप्रिल संपायच्या आत जी होडी पाण्यात गेली ती गेली, जी उरली तिच्यावर जेसीबी. यार्डाच्या कोपऱ्यात असा एक ढीग आधीच होता. त्यातून फासळ्या वर आलेल्या. खलील त्या कोपऱ्याकडे पाठ करून काम करायचा, आणि त्याला वाटायचं रबियाच्या हे लक्षात आलेलं नाही.

बाणकोटला त्याच्या अब्बांची होडी होती. खलील कतारला आला त्या साली अब्बांनी ती पावसाआधी वर ओढली, ती परत पाण्यात गेली नाही. ओढायला घरात दुसरा गडी नव्हता. खाडीच्या चिखलात कुजली. हे त्यानं लग्नानंतर एकदाच सांगितलं, जेवताना, घशातला काटा काढावा तसं, आणि पुढचा घास घेतला.  रबियाला मासा नीट खाताही यायचा नाही, ती महाडच्या वरची, घाटाच्या पायथ्याची. नाखव्यांच्या घरात ती जन्मभर डोंगरचीच राहिली. सासूबाई म्हणायच्या, पाण्याचं हिला काय विचारता, हिनं पाणी फक्त हंड्यात पाहिलंय. आणि ते खरं होतं, हंड्यात आणि

हंड्यात आणि आणखी कशात तरी. तेव्हा आठवलं नाही.

तेव्हा खलीलचंच सगळं चाललं होतं, आणि चालताना ते फार देखणं होतं. तो गुडघा विसरला. शुक्रवार आला की पहाटे उठून चहा थर्मासमध्ये भरायचा, गाडीत जुनी गाणी लावायचा, अल खोरच्या रस्त्यावर पोचेपर्यंत दहा वर्षांनी लहान झालेला असायचा. फट दिसली की भरायची, हे त्याला बापाच्या हातातून आलेलं. बाणकोटला होड्या पावसाआधी वर काढतात, झावळ्यांनी झाकतात, श्रावणात खरवडतात, फटींत कापूस ठोकतात, तेल देतात आणि नारळीपुनवेला पुन्हा पाण्यात. त्यानं तसाच कापूस ठोकला, पातळ पट्टीनं, हातोडीनं, आवाज भरीव येईपर्यंत. त्यावर यार्डाच्या दुकानातलं दोन डब्यांचं मिश्रण ओतलं, जे वाळलं की दगड होतं. शिवाय सुधारणा. पाणी उपसायचा पंप, सावलीला कापडी छत, काठाला छोटे दिवे, आणि कप ठेवायच्या दोन खोबणी, ज्यांच्यावरून त्यांची मुलगी शफा इतकी हसली की खलीलनं त्या रुसून पिशवीत परत घातल्या. डावी बाजू पुरी झाली. रबिया कोठडीत शिरून बघून आली: डावीकडे काळोख, उजवीकडे रेघा. खलील बाहेर उभा, हाताला लागलेला राळेचा दगड नखानं काढत, शाबासकीची वाट बघत. तिनं शाबासकी दिली. जोड पास होता. बुडबुडा नव्हता. आणि तरी तिला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, जसं बसमध्ये डुलकी लागता लागता आपला थांबा गेला असं वाटतं.

ते काय होतं ते गुरुवारी संध्याकाळी कळलं, स्वयंपाकघरात. शफा ऑफिसातून आली होती, तिला थंड हवं होतं, तिनं ग्लासात बर्फ टाकून वर पाणी ओतलं. बर्फ तडकला.

तड.

रबियाचे हात तांदळाच्या पिठात होते. परात स्टीलची, पीठ उकडीचं, वाफ तोंडावर, आणि त्या आवाजासरशी परात लाकडाची झाली, आईची काठवट, आंब्याच्या खोडातून कोरलेली, बाजूला नेहमीची फट. ती फट घरातल्या माणसासारखी होती. उन्हाळ्यात भाकऱ्या कमी, काठवट खुंटीला, फट उघडायची. बोट जाईल एवढी. आई म्हणायची, लाकूड तहानलं की तोंड उघडतं. भाकरी करायच्या आदल्या सांजेला ती काठवट मोरीत ठेवून पाण्यानं भरायची. पाणी फटीतून निघून जायचं. ती पुन्हा भरायची. पुन्हा जायचं, जरा सावकाश. आई निजायला जाण्याआधी शेवटचं भरायची आणि सकाळी पाणी तिथंच, फट गायब, जणू रात्री कुणी येऊन शिवून गेलं. रबिया बोट फिरवून ती जागा शोधायची आणि तिला सापडायची नाही. मग एका वैशाखात आई माहेरी गेली. वडील शाळामास्तर, सुट्टीत हातांना काम नाही, त्यांना ती फट बघवेना. त्यांनी राळ आणि मेण वितळवून फटीत भरलं, वर विस्तवात तापवलेली पळी फिरवली, गुळगुळीत. सगळ्यांना दाखवलं. आई आली, नेहमीसारखं पाणी भरलं. पाणी राहिलं, पहिल्याच फटक्याला राहिलं, वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. पहाटे घरभर आवाज झाला. तड. लाकडाला पाणी पिऊन फुगायचं होतं आणि फुगायला जागा ठेवलेली नव्हती. काठवट उभी दोन तुकडे. एका तुकड्यात कोंबड्या पाणी प्यायला लागल्या. वडील कितीतरी दिवस ताटात मळलेल्या पिठाच्या भाकऱ्या चांगल्या झाल्यात म्हणत होते.

"मम्मा, युअर हँड्स," शफा म्हणाली. हातावरचं पीठ वाळून तडकायला लागलं होतं.

हंड्यात आणि काठवटीत. एवढंच पाणी तिनं पाहिलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं का? ती रात्रभर त्याच प्रश्नाभोवती फिरली. बाणकोटला होड्या वर असतात त्या पावसात असतात. झावळ्यांखाली, दमट हवेत, घाम फुटलेल्या. त्या तहानत नाहीत. तिथं फट म्हणजे झीज, ती भरायचीच. खलीलचे अब्बा चुकले नव्हते, आजा चुकला नव्हता. पण ही होडी पावसात निजली नव्हती. हिला हिवाळाभर वाळवंटाच्या वाऱ्यानं सुकवलं होतं. हिची फट म्हणजे झीज नव्हे, तहान. आणि त्या तहानेत खलीलनं दगड ओतला होता, आणि हातोडीचा आवाज भरीव आला होता, आणि तिनं शाबासकी दिली होती. होडी पाण्यात जाईल, एक थेंब आत येणार नाही, सगळे टाळ्या वाजवतील, आणि मग फळ्या फुगतील. खिळे उपटतील. फासळ्या

खलीलला सांगणं हे सगळ्यात अवघड होतं, होडी बुडवण्यापेक्षा. तिनं गाडीत सांगितलं, कारण गाडीत एकमेकांकडे बघावं लागत नाही. कठीण झालेलं सगळं खरवडून काढायचं. फटी मोकळ्या करायच्या. त्यात नुसतं मऊ सूत, तेलात भिजवून, हातानं दाबून, हातोडी न लावता. मग होडी उथळ पाण्यात ठेवायची आणि बुडू द्यायची. पोटभर पिऊ द्यायची. खलीलनं गाणं बंद केलं. दोन्हीकडे सपाट, उंट नसलेलं वाळवंट. मग त्यानं शांतपणे विचारलं की त्यांच्या पाच पिढ्यांनी होड्या पाण्यावर तरंगवल्या, त्यात हे बुडवायचं शास्त्र कुणाकडून आलं. तिनं काठवटीचं सांगितलं. त्यानं ऐकलं, अगदी मान हलवत ऐकलं, आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या होडीची तू भाकरी करणार." हे थट्टेनं म्हणाला असता तर बरं झालं असतं. यार्डात त्या दिवशी तो खुर्चीवर बसून राहिला. रबिया एकटी पटाशी घेऊन डाव्या अंगाशी भिडली आणि दुपारपर्यंत वीतभर फट मोकळी झाली. तिला रडू आलं नाही, राग आला. एवढा चांगला जोड ती स्वतः फोडत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती गळती तयार करत होती. मुकादम येऊन बघून गेला. त्यानं हिंदीत विचारलं, मॅडम, लगाया किसलिए और निकाला किसलिए. तिनं पटाशी आणखी खोल घातली. पटाशी घसरली, अंगठ्याला लागलं, तो तोंडात धरून ती उभी राहिली आणि तोंडात राळेची, सागाची, स्वतःच्या रक्ताची चव एकत्र आली, आणि तिला वाटलं की आपण चुकलो असलो तर ही या माणसाची दुसरी होडी. पहिली त्याच्या जाण्यानं गेली. दुसरी माझ्या बोलण्यानं.

पुढच्या शुक्रवारी ती जागी झाली तेव्हा अंथरूण रिकामं होतं, गाडी नव्हती. ती गिरीशला फोन करून त्याच्या गाडीतून अल खोरला गेली. गिरीश तिच्याच प्लांटवरचा, पुण्याचा, तिला ताई म्हणायचा आणि वाटेत न थांबता बोलायचा.  यार्डात खलील डाव्या अंगाखाली पाठीवर आडवा, नव्या गुडघ्याखाली उशी, तोंडावर पांढरा भुसा. अर्धी बाजू मोकळी झालेली. तिला बघून तो उठला नाही.

"काठवट खोटी निघाली," खोलवर पटाशी घालत तो म्हणाला, "तर जन्मभर तुझ्या हातची भाकरी खाणार नाय मी."

"नको खाऊ," ती म्हणाली. "पाव मिळतो एशियन टाउनला." आणि खाली वाकून दुसरी पटाशी घेतली.

क्रेननं होडी उचलली त्या सकाळी खलीलनं मलीदा करवून आणला होता, डब्यात, फातिहा द्यायला. गिरीशची बायको मृणालिनी नारळ घेऊन आली होती. यार्डातले सगळे कामगार जमले. होडी पट्ट्यांत लटकत, फिरत, उन्हात खाली आली आणि पाण्याला टेकली, आणि एक क्षण, एकच, तरंगली. कुणीतरी टाळी वाजवली.

मग सूत असूनसुद्धा पाणी आत आलं.

सगळ्या फटींतून एकदम आलं.

उजेड आला होता तसंच, आडव्या रेघांनी.

घोट्याइतकं. फासळ्या दिसेनात. बाकं तरंगायला लागली, एक सुटून आलं. होडी जड झाली, मान हलवल्यासारखी डावीकडे कलली, पुन्हा सरळ झाली आणि वाळूवर बसली. पाण्याच्या वर फक्त काठ राहिला, आणि नाळ. कामगार हसले नाहीत.  शफा फोन धरून उभी होती, तिनं फोन खाली केला आणि म्हणाली, "मम्मा, इट्स संक." मृणालिनीच्या हातात नारळ तसाच होता आणि तिनं तो पदराखाली घेतला, जसं काही मयताला आलं असताना चुकून हसू यावं आणि झाकावं. गिरीशनं हळूच विचारलं की नारळाचं काय करायचं. खलील पाण्याकडे बघत म्हणाला, "गाडीत ठेवा. तरंगल्याशिवाय नारळ फोडत नाहीत." डबा मात्र त्यानं सगळ्यांपुढे फिरवला. मलीदा सगळ्यांनी घेतला, खाली बघून खाल्ला. मुकादम तोंड पुसत म्हणाला की पंप लावा, क्रेन अजून इथंच आहे, वर घेऊ. तेव्हा खलीलनं रबियाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तिनं मान हलवली: नाही. 

ओहोटीला होडी उघडी पडली आणि चाळणीसारखी गळून रिकामी झाली. भरतीला भरली. काठवट भरावी, निघून जावं, पुन्हा भरावं. पण इथे भरणारी आई नव्हती, समुद्र होता, आणि समुद्राला घाई नव्हती. रबियाला होती. सुट्टी नव्हती, दुसऱ्या दिवशी ती प्लांटवर गेली, जोडांवर साबण फवारला, थांबली. बुडबुडा नाही. पास. पुढचा जोड. पास. जग सगळं जागच्या जागी घट्ट होतं, एक तिचीच वस्तू उघड्या तोंडानं खाडीत पडलेली, आणि तिथे गुडघ्यावर हात ठेवून एक माणूस बसलेला. आपण हे काय केलं, आपण कोण, डोंगरची, एका फुटक्या काठवटीच्या आधारावर. आईला निदान माहीत होतं. मला फक्त आठवतंय. आठवण म्हणजे माहिती का? साबणाचं पाणी वाऱ्यानं तिच्याच चष्म्यावर उडालं आणि सगळा प्लांट बुडबुड्यांतून दिसायला लागला, हजारो, सगळं नापास, आणि चष्मा पुसला तर पुन्हा काही नाही. दुपारी कँटीनमध्ये फोन आला. खलीलच्या आवाजामागे वारा होता आणि आणखी माणसं.

"मुकादम म्हणतो लाकूड कुजंल. म्हणतो पंप लाव, आत्ताच्या आत्ता. लावू काय गो?"

तिनं विचारलं, "पाणी कुठवर हाय?"

"काठाशी."

"आतलं आणि बाहेरचं?"

तो बघत असावा. मग म्हणाला, "सारखं. एक रेघ."

"मग दोघांचं भांडण नाय. आतलं उपसलंस तर बाहेरचं जोरानं घुसंल, सूत धुऊन नेईल. राहू दे."

 मग खलील म्हणाला, "राहू दे तर राहू दे," आणि मागे कुणाला तरी हिंदीत सांगितलं की पंप घेऊन जा, मेरी वाली मना करती है. मेरी वाली. हा शब्द तिनं ताटातल्या डाळीकडे बघत पुन्हा पुन्हा ऐकला. पुढच्या ओहोटीला तो फोन न करता फोटो पाठवायला लागला: होडीतून पाणी निघताना. आधी कारंज्यांसारखं. मग धारा. मग, दुसऱ्या सकाळच्या फोटोत, फळ्यांवरून नुसते ओघळ, रडून झाल्यावर गालावर राहतात तसे. त्याखाली त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. त्याला लिहायची भीती वाटत होती. तिलाही उत्तर द्यायची.

शुक्रवारी ओहोट पुरी होत आली असताना ती दोघं पोचली. तिनं गाडीतूनच बघितलं आणि तिला आधी कळलं नाही आपण काय बघतोय. समुद्र उतरला होता, होडीभोवती गुडघाभर पाणी, ओली वाळू उघडी, खेकडे फिरत होते. आणि होडी काठोकाठ भरलेली होती. आत पाणी वर, बाहेर पाणी खाली. आतल्या पाण्यात आभाळ होतं, एक ढग होता, आणि ते सगळं तिथंच, उंचावर, सांडत नव्हतं. रबिया चप्पल न काढता पाण्यात शिरली. तिनं डाव्या अंगावर तळवा ठेवला आणि फळ्यांवरून चालत निघाली, नाळेपासून मागपर्यंत, आणि मागून उजवीकडून नाळेपर्यंत, आंधळ्यानं भिंत चाचपावी तशी. फटी शोधत होती. बोटांना त्या सापडत नव्हत्या. एका ठिकाणी थेंब आला, मोहरीएवढा. तिनं तो बोटानं पुसला आणि वाट बघितली. दुसरा आला नाही. जी पाणी आत धरून ठेवते ती बाहेरही ठेवील. एवढं साधं होतं आणि तिला त्या वेळी ते सगळ्या जगाहून मोठं वाटलं. तिनं होडीला गाल लावला. सागाचं लाकूड गार होतं, फुगलेलं, जेवून झोपलेल्या जनावरासारखं भरलेलं. मागे खलील काठाशी उभा होता, विजार गुडघ्यापर्यंत वर, आणि काही विचारत नव्हता, कारण विचारलं तर उत्तर मिळेल. तिनं वळून त्याच्याकडे बघितलं. ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना.

"बादल्या," शेवटी ती म्हणाली. "बादल्या आण."

पंप त्यानं लावलाच नाही. गिरीश आला, मृणालिनी आली, शफानं ऑफिसच्या पार्टीला घालायच्या चपला वाळूत फेकल्या, आणि सगळ्यांनी रांग लावून बादल्यांनी उपसलं. आभाळ उपसलं, ढग उपसला, दोन लहान मासे उपसले. कामगार येऊन मिसळले. कुणी मल्याळममध्ये गाणं म्हटलं, गिरीश आपल्याला न येणाऱ्या त्या गाण्यात सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. फासळ्या वर आल्या. तळ आला. खलीलनं बोटाच्या पेरांनी तळावर टकटक केलं आणि आवाज भरीव आला, हातोडीशिवाय. मग सगळे थांबले. भरती येत होती. बाहेरचं पाणी चढत होतं, पोटरीला, गुडघ्याला, होडीच्या पोटाला. आणि आत कोरडं. आत कोरडं. अजून कोरडं. रबियाच्या हातात होडीचा दोर होता, सैल, वाळूत पडलेला. त्याला हिसका बसला. अगदी हलका, कुणी झोपेतून हात ओढून घ्यावा तसा. तिनं दोर घट्ट धरला आणि पुन्हा हिसका बसला, आणि या वेळी होडी वाळूवरून उठली, अंग झाडलं, आणि उभी राहिली. पाण्यावर. तिला ओढायला लागली.

मुकादम धक्क्यावर उभा राहून बघत होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, आणि कुणालाच नाही असं म्हणाला, "माशाल्ला." मृणालिनी गाडीकडे धावली. आठवडाभर गाडीत फिरलेला, उन्हात तापलेला नारळ आणला आणि खलीलपुढे धरला. बाई माणसानं फोडायचा की नाही, यांच्यात चालतो की नाही, अशी ती घुटमळत होती. खलील म्हणाला, आमच्याकडेही फोडतात वहिनी, फक्त आज माझा मान नाही. आणि नारळ रबियाच्या हातात आला. तिनं तो धक्क्याच्या दगडावर आपटला. तड. तोच आवाज. या वेळी जे फुटायला हवं होतं ते फुटलं. पाणी हातावरून, बांगड्यांवरून, कोपरावरून खाली समुद्रात गेलं आणि खलील एकदम, सगळ्यांदेखत, काठाच्या दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. शफाला वाटलं बाबा रडतायत. ती जवळ गेली आणि तिनं बघितलं तर तो हसत होता, रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बाणकोट, तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

इंजिन अजून लागायचं होतं, छत लागायचं होतं, दिवे खोक्यात होते. त्यांना धीर निघेना. दोन वल्ही घेऊन खलील बाकावर बसला. रबियानं पिशवीतून कप ठेवायच्या दोन खोबणी काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं त्या बघितल्या न बघितल्यासारखं केलं, मग थर्मासचा कप एकीत ठेवला. पहिलं वल्हं पाण्यात गेलं. यार्ड मागे सरकलं, तो कोपरा मागे सरकला, आणि खलीलचं तोंड आता तिकडेच होतं, कारण वल्हवणारा मागे बघत पुढे जातो. तो सरळ त्या ढिगाकडे बघत वल्हवत होता. धक्क्यावर शफा ओरडत होती, मराठीत ओरडत होती, "मम्मा, बाबा, हात करा," आणि ती मराठीत ओरडते आहे हे तिचं तिला ठाऊक नव्हतं.

रबियानं मात्र हात केला नाही. ती गुडघ्यांवर बसली, ओढणी कमरेला खोचली आणि नाळेखालच्या कोठडीत सरपटत शिरली. मागे झडप ओढून घेतली. टॉर्च तिनं आणलीच नव्हती.

पाणी तिच्या कानाशी होतं, एका फळीपलीकडे, चुबकत, घासत, पुढे जात. ओल्या सागाचा वास. वर वल्ह्यांची लय. ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, डोळे ताणले, डोळे मिटले, उघडले. काही फरक पडला नाही.

बोटाच्या पेरांची टकटक झाली. "काय गो," वरून खलीलनं विचारलं, "काय दिसतंय आत?"

"काय नाय," ती ओरडली, अंधारात, दोन्ही तळवे दोन्हीकडच्या फळ्यांवर टेकवून. "कायच दिसत नाय."